मिरचीच्या दाव्याचं इंग्रजी

२ जुलै १९५१
नव्या जज्जसाहेबांना उर्दू येत नाही! मद्रासहून आलेत. दादा कोर्टातून आले ते पगडीसकट बसून राहिले. "कमल, आता तुझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवर माझी वकिली चालायची."

हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

५ जुलै
दिवसभर मी मिरचीच्या दाव्याचे कागद इंग्रजीत करत होते. बेगम बाजारच्या शेठने सगळ्या किरकोळवाल्यांकडून करार करून घेतला – मिरची फक्त त्याच्याकडूनच घ्यायची. तो सांगेल तो भाव. त्यांच्यातल्याच चतुराबाईने बाहेरून दोन पोती घेतली, तर तिच्यावर दावा! असा करार कायद्यात टिकतच नाही, असं तिचे वकील म्हणून दादांचं म्हणणं. निजामाच्या काळात मिठाच्या, ताडीच्या मक्त्यांविरुद्ध ते असेच लढले. नाव झालं ते त्यामुळेच.

विधवा होऊन मी भावाच्या या जामबागेतल्या घरी आले तेव्हाची गोष्ट. वहिनी मला एकदा कोर्टात घेऊन गेल्या. दादा बोलत होते – काय ती उर्दू जबान! समोरचा वकीलच नकळत "वाह!" म्हणून गेला.

आता त्याच तोंडी मी 'रिस्ट्रेंट ऑफ ट्रेड' – व्यापाराला अडकाठी – घालते. जेवताना घोकून घेते. भाजी निवते.

१२ जुलै
वाईट झालं. पाठ केलेलं दादांनी नीट म्हटलं. मग जज्जसाहेबांनी मध्येच विचारलं – बाईने राजीखुशीने सही केली होती, मग आता तक्रार कसली? दादा इंग्रजी शब्द शोधत कागद चाळू लागले. राजीखुशीने केला तरी असा करार रद्दच! उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण मी वकील नाही. मागच्या बाकावर ओठ चावत बसले. शेठचा बॅरिस्टर मोठ्याने म्हणाला, "माय लर्नेड फ्रेंड इज थिंकिंग इन उर्दू!" सगळे हसले.

टांग्यात दादा एवढंच म्हणाले, "उद्यापासून तू येऊ नकोस."

१३ जुलै
आलं घालून चहा पाठवला. तसाच परत आला.

२० जुलै
दादा तडजोड करायची म्हणतात! शेठ दावा मागे घेणार, भरपाई सोडणार. कागद मी टाइप केला. सातवं कलम – पुढची दहा वर्षं चतुराबाईने मिरची शेठकडूनच घ्यायची. ज्याच्याविरुद्ध भांडलो तेच की हे! विचारलं. दादा खिडकीकडे बघत म्हणाले, "मला आता तिथे उभं राहवत नाही, कमल."

हा कागद मुकाट्याने होऊ दे, एवढंच मागणं; इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. नाही कसं म्हणू? आणि म्हटलंच, तर राहू कुठे?

२२ जुलै
चतुराबाई आली. पायरीवरच बसली. "अक्का, वकीलसाब जिंकले ना?"

"बसा," मी म्हटलं. ती तर बसलेलीच होती!

"आता वरंगलचा माल आणते बघा. सस्ता पडतो. शेठच्या पोत्यात नुसती देठं! गिऱ्हाईक माझ्याच तोंडावर फेकतं."

मी तिला तडजोडीच्या कागदावर अंगठ्यासाठी उद्या बोलावलं.

जुन्या कोर्टाची एक रीत दादा अजून पाळतात. ज्याला वाचता येत नाही त्याला कागद त्याच्या बोलीत वाचून ऐकवायचा. ऐकवणाऱ्याने खाली 'पढकर सुनाया' लिहून सही करायची. मगच अंगठा. कागद इंग्रजी, म्हणून ऐकवायचं काम माझं.

"मोटंमोटं सांग, सगळं नको," दादा म्हणाले. "दावा उठला, एवढं पुरे."

कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, माझं वाचन घंटेसारखं स्वच्छ आहे. वर्गात नेहमी मलाच उभं करायच्या.

२३ जुलै
तिच्या बोलीत सगळं वाचून ऐकवलं. सातवं कलम दोनदा. चतुराबाईने कागदावर न टेकवताच अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि उठून गेली. दादा कागद तिथेच टाकून आत गेले. संध्याकाळी मी माळ्यावरची माझी ट्रंक खाली काढली. कोणी अडवलं नाही.