पहिली पसंती

बाबा, माय मागच्या महिन्यात गेली. झोपेतच गेली, कुणाला काही करायला लावलं नाही. तिच्या स्वभावात बसेल असंच गेली. चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत तिचा सरकारवरचा राग कमी झालेला नव्हता. कुणी भेटायला आलं, जुना विषय निघाला की म्हणायची, "आमाले सरकारनं जबलपूरले फेकलं, नाहीतर ह्या लेकराईचा बाप असा परमुलखात नसता मेला." पन्नास वर्षं मी हे वाक्य ऐकत आले. तिच्या जेवणाच्या ताटाशी बसून ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोर ऐकलं. आता ते कुणी म्हणत नाही, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा घर जास्त शांत झालं आहे. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. खरं काय झालं ते तिघांना ठाऊक होतं. तुम्ही गेलात, तुमच्या कचेरीतले बडे बाबूही गेले, राहिले मी.

छप्पन सालच्या पोळ्यानंतरचा तो रविवार मला सगळा आठवतो. राज्यं बदलणार होती. नागपूरची राजधानी जाणार, आपला वऱ्हाड मुंबईच्या राज्यात जाणार, आणि तुमच्या खात्यातल्या प्रत्येकाकडून सरकारनं लेखी मागवलं होतं की तुम्हाला कुठं जायचं आहे, नव्या मध्य प्रदेशात की मुंबई राज्यात. यवतमाळच्या आपल्या भाड्याच्या घराच्या ओसरीत तुम्ही पाट घेऊन बसला आहात, पाटावर फॉर्म, आणि मी टिपकागद धरून शेजारी. पहिल्या पसंतीच्या रेघेवर तुम्ही तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिता, मध्य प्रदेश. दुसऱ्या रेघेवर, मुंबई. मी पाचवीत होते, मला वाचता येत होतं. मी म्हटलं, "बाबा, आपल्याले तर अथीसाच राहाचं आहे नं?" तुम्ही हसलात. म्हणालात, "सरकारले जे मागतलं ते सरकार कधी देत नाही, बेटा. अथी राहाचं आहे म्हणूनच तिकडचं मागून राह्यलो. मायले सांगू नको, तिले हे डाव समजत नाहीत."

आज हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण तुमच्या कचेरीत तेव्हा सगळेच असं करत. दारव्हा हवं असलं की पुसद मागायचं, यवतमाळ हवं असलं की वणी मागायचं. तुम्ही स्वतः दोनदा असं करून हवी ती बदली मिळवली होती, आणि त्याचा तुम्हाला केवढा अभिमान. नवे कारकून बदलीचा अर्ज लिहिण्याआधी तुमच्याकडे चहाला येत आणि तुम्ही त्यांना शिकवत. तुम्ही त्या विद्येचे गुरुजी होतात, बाबा. फक्त या वेळी बाकीच्या लोकांनी नागपूरला चौकशी केली, तिथं त्यांना कळलं की हा बदलीचा अर्ज नाही, या वेळी जो जे मागेल ते त्याला देणार आहेत, आणि सगळ्यांनी निमूटपणे मुंबई लिहून दिली. तुम्ही चौकशी केली नाहीत. गुरुजी कुणाला विचारत नसतात.

दिवाळीत राज्य बदललं आणि त्यानंतर पंधरा दिवसांत हुकूम आला. जबलपूर. संक्रांतीच्या आत हजर व्हायचं. तुम्ही तो कागद मायला वाचून दाखवलात तेव्हा ती तुरीच्या शेंगा सोलत होती. ती सोलायची थांबली नाही. फक्त म्हणाली, "त्या सरकारले लेकरंबाळं नाहीत काय?" तुम्ही काहीच बोलला नाहीत. बोलायचं तेवढं राहून गेलं, बाबा. त्या एका क्षणी "अगं, माझीच चूक झाली" एवढं म्हणाला असतात तर तिनं दोन दिवस तुमचं डोकं खाल्लं असतं, कपाळाला हात लावला असता, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला ओढत कचेरीत नेऊन चूक दुरुस्त करून घेतली असती. पण तुम्ही बोलला नाहीत, आणि तिचा राग सरकारकडे वळला. एकदा वळला तो वळला.

मग ती तयारीला लागली. मायची तयारी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. जातं न्यायचं की नाही यावर चार दिवस गेले. पाटा-वरवंटा राहू दे, पाटे सगळीकडे मिळतात. पण जातं तिच्या हाताला बसलेलं होतं. वर्ध्यापर्यंत मोटार, पुढं नागपूर, मग इटारसीला गाडी बदलायची, हे तिनं कुणाकुणाला विचारून पाठ केलं होतं. गाडी बदलताना कोण कुणाला धरेल तेसुद्धा ठरलं. धाकटा सहा वर्षांचा, तो तुमच्याकडे. तान्ही तिच्या कडेवर. मी गाठोड्यांवर लक्ष ठेवायचं. भिंतीशी गाठोडी वाढत चालली आणि घरात चालायला जागा उरेना. पाण्याच्या माठाकडे जायचं तरी एखादं गाठोडं ओलांडावं लागे. शेजारणी येत, बसत, "बाई, तिथी तर सारे हिंदीच बोलतात म्हणे," असं म्हणून मायला आणखी घाबरवून जात. मी शाळेत सगळ्या मुलींना सांगून टाकलं होतं. गुरुजींनी नकाशावर जबलपूर दाखवलं, नर्मदा दाखवली, आणि वर्गात पहिल्यांदाच कुणीतरी मला पुढच्या बाकावर जागा करून दिली.

तुम्ही मात्र रोज थोडे थोडे आक्रसत गेलात. कचेरीतून यायचात, पाय धुवायचात, आणि त्या गाठोड्यांकडे पाठ करून बसायचात. माय म्हणे, "अजी, अर्ज काहून करत नाही? लेकरं लहान आहेत म्हणा. माह्या तब्येतीचं कारण सांगा." तुम्ही म्हणायचात, "सरकारी हुकूम आहे, त्याच्यात काही होत नाही." बडे बाबूंनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पसंती चुकून लिहिली असं लिहून दिलं तर बदलता येते. हे मला पुष्कळ नंतर कळलं. पण ते लिहून द्यायचं तर साहेबासमोर उभं राहून सांगावं लागलं असतं की मी सरकारला फसवायला गेलो होतो. कचेरीतल्या पोरासोरांना कळलं असतं की गुरुजीच फसले. आणि मायला कळलं असतं की एवढे दिवस ती ज्याला शिव्या देत होती ते सरकार निर्दोष होतं. यातलं कोणतं तुम्हाला जास्त जड गेलं हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

शेवटी मायच उठली. तुम्ही दौऱ्यावर गेला होतात. तिनं नवं लुगडं नेसलं, तान्हीला शेजारणीकडे ठेवलं, धाकट्याला शाळेत पाठवलं, आणि मला वाचता येतं म्हणून मला सोबत घेऊन कचेरीत गेली. बायका तेव्हा कचेरीत जात नसत. व्हरांड्यातले लोक बाजूला झाले. बडे बाबूंनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. म्हणाली, "भाऊजी, यायनं काय लिहून देलतं तो कागद मले दाखवा. यायनं यवतमाळ मागतलं असन अन् तुमच्या सरकारनं तरी जबलपूरले टाकलं असन, तर मी साहेबाच्या पायावर लेकरं घालतो."

बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मग फाईल काढली, दोरी सोडली. "वहिनी, कागद दाखवाले हरकत नाही," ते म्हणाले. "पण मी वाचला तर तुमी म्हणसान का हे बाबू लोक एकमेकाले सांभाळून घेतात. पोरीले वाचू द्या." आणि तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला. तुमचंच अक्षर. पहिल्या रेघेवर मध्य प्रदेश, दुसरीवर मुंबई. मायचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो गरम होता. मी वाचलं, "पहिली पसंती, मुंबई राज्य. दुसरी पसंती, मध्य प्रदेश."

बडे बाबूंनी कागद परत घेतला, दोरी बांधली. मग सावकाश म्हणाले, "मंग इलाज नाही, वहिनी. सरकारनं ठरवलेलं फिरत नाही. त्यायनं स्वतः तिकडचं मागतलं असतं तर बदलाले अजून आठ दिवस होते." बोलताना ते मायकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. साहेब त्या दिवशी नव्हते, आणि असते तरी मायच्या अंगातलं बळ तोवर गेलं होतं. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तुह्या बापानं बरोबर लेहलं होतं." तिच्या आवाजात तुमच्याबद्दल एवढी माया होती की मला रस्ता दिसेना.

दौऱ्यावरून तुम्ही आलात, दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलात आणि तुम्हाला सगळं कळलं. संध्याकाळी विहिरीवर मी पाणी शेंदत होते, तुम्ही मागून आलात आणि दोर माझ्या हातातून घेतलात. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुमचा डाव मी राखला होता, तुमची लाज राखली होती. तुम्ही बादली वर ओढलीत, काठावर ठेवलीत, आणि म्हणालात, "कायले वाचलं तसं? खरं वाचलं असतं तर सुटलो असतो मी, बेटा." एवढंच. रागावून नाही. तुम्ही मला आयुष्यात एकदाच बोल लावलात आणि तोही असा.

मुदतीचे उरलेले ते दिवस, बाबा, मी कुणाला सांगू शकत नाही. तुम्ही माझ्याकडे पाहायचात आणि मी तुमच्याकडे. जेवताना माय वाढत असायची आणि आपण दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो, की हा बोलेल, की ही बोलेल. तुम्ही बोललात तर मी खोटारडी ठरणार होते. मी बोलले तर तुम्ही. दोघांपैकी कुणीही एक घास बाजूला ठेवून दोन वाक्यं बोललं असतं तर ती गाठोडी सुटली असती. मी एकदा तोंड उघडलंसुद्धा, आणि मीठ मागितलं. आठ दिवसांची मुदत सरून नववा दिवस उजाडला तेव्हा तुम्ही कामाला जाताना दारात थोडं थांबलात, वहाणा घातल्या, आणि गेलात.

मग जबलपूरहून तुमच्या ओळखीच्या एकाचं कार्ड आलं. क्वार्टर एका खोलीचं आहे. मुलींची मराठी शाळा जवळपास नाही आणि हिंदी शाळा वर्षाच्या मध्यात घेणार नाही. मायनं कार्ड दोनदा वाचून घेतलं आणि लगेच ठरवून टाकलं. "थोरली राह्यते मोठ्या आईजवळ. उन्हाळ्यात येऊन घेऊन जाऊ." कळंबच्या पलीकडं तुमच्या थोरल्या भावाकडे, मोठेबाबांच्या घरी एक ट्रंक आणि मी, अशा दोघी उतरलो. जायच्या दिवशी तुम्ही मला कळंबच्या मंदिरात नेलंत, चिंतामणी गणपतीसमोर उभं केलंत, आणि तिथंही आपण काही बोललो नाही. तो उन्हाळा आला, पुढचाही आला. दर वेळी काहीतरी निघे. तान्हीचा गोवर, तुमची रजा, क्वार्टर अजून तेच. सातवीनंतर गावापासून शाळा दूर पडली आणि मोठी आई म्हणाली, आता पुरे. तुम्ही कार्ड पाठवलंत की पोरीला मॅट्रिक करायचं आहे, शाळा सोडवू नका. ते कार्ड आलं तोवर माझं नाव काढलेलं होतं. साठ साली महाराष्ट्र झाला, गावात पेढे वाटले, आणि मी हिशेब करत बसले की आता माझं राज्य पुन्हा बदललं आणि माझा बाप अजून तिकडेच आहे. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. तार आली तेव्हा मी शेतात कापूस वेचत होते. माय दोन्ही लेकरांना घेऊन परत आली, आणि धाकटा माझ्याशी हिंदीत बोलला.

मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की मी तुमच्यासाठी खोटं वाचलं. लहान होते, बापाची लाज राखली, मला काय ठाऊक की त्यानं वाट बंद होईल. मायच्या चितेशी उभी असतानाही हेच मनात म्हटलं. हे पत्रही मी तसंच लिहीत आले. आता ते पाठवायला ठिकाण नाही, आणि माझ्या सुना-मुलांनी वाचावं असं त्यात काही नाही, म्हणून एक गोष्ट दुरुस्त करते. वर मी लिहिलं आहे की मुदतीचं बडे बाबूंनी मी वाचल्यानंतर सांगितलं. तसं नाही. त्यांनी ते आधी सांगितलं होतं. कागद माझ्या हातात देतानाच सांगितलं, सावकाश, मला समजेल असं, की बापानं स्वतः मागितलं असेल तर बदलून इथंच राहता येईल. मला समजलं होतं, बाबा. मला जबलपूरला जायचं होतं.