अरबी कागदावरची सही

३ जून
एजंट जाधवच्या ऑफिसात गेले. परदेशातल्या नोकरीचे करार दोन. इंग्रजीतला एकच पान: नर्स, आठ तास ड्युटी, आठवड्याला सुट्टी. अरबीतला चार पानं. "तेच आहे ताई, फक्त भाषा वेगळी." मग चार पानं कशाला? विचारलं तर नुसता हसला. सही केली नाही. पासपोर्ट मात्र त्याच्याकडंच.

४ जून
आईची कटकट. "लई शंका काढतीस. लता गेलीच की त्याच्याच मार्फत." लता माझ्यासोबत आयसीयूत ड्युटीला होती, मार्चमध्ये तिकडं गेली. आधी पानभर मेसेज करायची, आता नुसतं "ठीक आहे". कुठला वॉर्ड, विचारलं. परत तेच, "ठीक आहे".

६ जून
जाधव झेरॉक्स देईना. फोनवर बोलत बाहेर गेला, तेवढ्यात चारी पानांचे फोटो काढले. तशीच शहागंजला, आमच्या दवाखान्यातल्या नसरीन सिस्टरच्या घरी. तिचे अब्बा मदरशात अरबी शिकवायचे. बोट ठेवून दोनदा वाचलं त्यांनी. "बेटा, इसमें नर्स का नामच नहीं. घरकाम लिखा है. छुट्टी मालिक की मर्जी. पासपोर्ट भी मालिक के पास."

७ जून
नसरीनला घेऊन जाधवकडं. म्हणे, पासपोर्ट व्हिसासाठी मुंबईला गेलाय. नसरीन म्हणाली, "चला मग, पोलीस स्टेशनला जाऊ." मुंबई त्याच्या खालच्या ड्रॉवरमध्येच निघाली. निघताना त्याला म्हटलं, लताचेही कागद बघणार.
पासपोर्ट घेऊन पुंडलिकनगरला घरी आले, आईला सगळं सांगितलं. तिनं उठून चहा टाकला.

८ जून
लताचा फोन लागला एकदाचा. मागं तान्हं बाळ रडत होतं.
"लता, तू दवाखान्यातच आहेस ना?"
कुजबुजली, "तू अरबी कागदावर सही केलीस का?"
नाही म्हटलं.
"करू नको."
कट. नंतर फोन बंद.

१० जून
तिथल्या भारतीय दूतावासात तक्रार करायची तर लताचा पासपोर्ट नंबर पाहिजे. फर्दापूरला तिच्या वडलांकडं गेले. लेणी बघायला येणाऱ्यांना टोप्या विकतात.
"जाधवसाहेब काल येऊन गेले. लताची फाईल नेली. कागद रिन्यू करायचेत म्हने."
एखादी झेरॉक्स असेल ना काका?
टोप्या लावता लावता थांबले. "तुमी येताल, नंबर मागताल, सांगितलंय त्यांनी. पोरीची नोकरी घालवायचीय का तुमाला?"
बाळाच्या रडण्याचं सांगितलं. ते परत टोप्या लावायला लागले. माझा नंबर लिहून दिला, तो मात्र खिशात घातला. बस येईपर्यंत माझ्याकडंच बघत उभे होते.