चार मात्रा कमी असलेला चरण

मी, खाली सही करणारी, निवृत्त भाषाशिक्षिका, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. पाय ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला ते चालते.

१. राहते घर मुलाला. मोरीतला गळका नळ त्याने आधी दुरुस्त करावा. मी सांगून सांगून थकले.

२. बँकेतली शिल्लक सुनेला, एकटीला. माझे इतके करून तिने कधी बोलून दाखवले नाही.

३. वृत्तछंदांची पुस्तके माझ्या शाळेला देऊ नयेत. मुख्याध्यापकांनी कवितेचा तास कापला, ते मी विसरलेले नाही. रद्दीवाल्याला द्यावीत, तो निदान वजन तरी करतो.

४. माझ्या दिवंगत यजमानांनी आयुष्यात एकच कविता लिहिली. तिचे सर्व हक्क धाकट्या दिरांना, म्हणजे मासिकाच्या संपादकांना. मुलाला नवल वाटेल, कारण याच कवितेवरून मी दिरांशी बोलणे टाकले.

कविता साधी. दोन-दोन चरणांचे यमक, चरणात सोळा मात्रा. शेवट असा:

दिवे लागले गल्लीमध्ये
उशीर झाला, घरि ये

दुसऱ्यात, स्वल्पविरामानंतर, चार मात्रा कमी. दिरांनी तिथे ‘लवकर’ घालून छापले आणि वर मला म्हणाले, “वहिनी, दादाचा चरण लंगडत होता, सरळ केला.” चरण चोख बसला, यात वाद नाही. ह्यांनी अंक मिटून ठेवला. म्हणाले, “जाऊ दे. तू नको भांडूस.”

भाऊजी, तुमचे दादा गणिताचे शिक्षक. त्यांना सोळापर्यंत मोजता येत होते. त्या जागी आमच्या लेकीचे नाव होते. ती तापात गेल्यावर त्यांनी ते पुन्हा उच्चारले नाही. कवितेतही लिहवेना, म्हणून जागा तेवढी सोडली. तुम्हाला हे सांगायचे तर मला ते नाव घ्यावे लागले असते.

अट एकच. ‘लवकर’ काढावे आणि तिथे काहीही घालू नये, नावसुद्धा नाही. मुलगा तो चरण सरसर वाचून पुढे जाईल. सून रडेल, पण थांबायचे कुठे ते तिला कळणार नाही. घरात तिथे अडखळणारे आता तुम्ही एकटेच उरलात. म्हणून कविता तुमची.

सही: (स्वहस्ते)
साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई; समोरचे घड्याळदुरुस्तीवाले
ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ५ मार्च, दुपार