कुत्रा दहा दिवस जगला पाहिजे

४ मार्च, सकाळी ११
बेदाण्याच्या शेडवर काळ्या कुत्र्याने माझी पोटरी धरली. चावला असं म्हणता येणार नाही. दात लागले, चार ठिकाणी. रक्त आलं, पण मोजकंच. मी ओरडलो ते त्याला हाकलायला.

बेदाणा निवडणाऱ्या बनाबाईने जखमेत घरची चटणी भरली. म्हणाली, "मालक, तिखटानं इख मरतंय." डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायको, राजेश्वरी, म्हणाली, "आवं, नळाखाली साबणानं धुवा आन् सुई घ्यायला चला." सुईला मी भीत नाही. सीझन आहे, वेळ नाही.

दुपारी ४
मोबाईलवर अर्धा लेख वाचला. कुत्रा दहा दिवस जगला तर रेबीज नाही. उरलेला अर्धा सुईबद्दल होता. प्लॅन ठरला. कुत्रा जगवायचा.

५ मार्च, सकाळी ६
तांब्यातल्या पाण्याकडे पाच मिनिटं बघितलं. भीती वाटली नाही. प्यालो. ठसका लागला. छातीत धडधड. पुन्हा प्यालो. आता ठीक. ही टेस्ट दर तासाला करणार.

कुत्रा हजर. दूध-भाकरी, वर ओंजळभर एक नंबरचा बेदाणा. ताकद आली पाहिजे.

६ मार्च
ताटली मीच ठेवणार होतो, पण ऐनवेळी माझा गुडघा आखडला. राजेश्वरीने ठेवली. कुत्र्याने तिचा हात चाटला, विळीवर कापलेल्या बोटासकट. तिला म्हटलं, बघ किती प्रेमळ आहे. असला कुत्रा पिसाळेल का?

बेदाणा डबल केला.

७ मार्च
राजेश्वरी सकाळच्या एसटीने तासगावला जाऊन आली. कशाला ते विचारायचं राहिलं. मी टेस्टमध्ये होतो. नऊ तांबे झाले. पाण्याची भीती नाही, पण पोट फुगलंय. हे पण लक्षण असतं का?

८ मार्च
कुत्रा ओकला. उठत नाही. औंधच्या यमाईला नवस बोललो, चालत येईन. गुडघा बरा असला तर.

१० मार्च, सकाळी ८
कुत्रा गेला. आता मीही जाणार. शेडमागे बसून रडलो.

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, खायला काय घालत होता? सांगितलं. म्हणाले, "आवं, बेदाणा कुत्र्याला विषच की!" म्हणजे तो रेबीजने गेला की माझ्या मालाने, देव जाणे.

दुपारी २
सरकारी दवाखाना. डॉक्टरीणबाई नवीन, विदर्भातल्या. चटणी भरली म्हटलं तर विचारतात, कोणती, पुदिन्याची? आमच्याकडे चटणी म्हणजे तिखट, हे समजावताना मला रडू फुटलं. जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवायला लावली. म्हणाल्या, पहिल्याच दिवशी यायचं होतं, कुत्र्याची वाट बघत बसायचं नसतं. दंडात एक सुई. सीरमच्या सुया थेट जखमेत. मी दोनदा आईला हाक मारली.

मग त्यांनी विचारलं, कुत्र्याने अजून कोणाला चाटलं का? मी ठामपणे नाही म्हणालो. सोबत आलेल्या राजेश्वरीने पिशवीतून स्वतःचं कार्ड काढलं. पहिली सुई सात तारखेची. दुसरी आज.

मला सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, "तुमी आदीच लय भ्याला हुता. त्यात माझं कुटं सांगू?"

सहा दिवस मी दर तासाला मरणाचा विचार केला. त्यात तिचं मरण एकदाही आलं नाही.