वाऱ्याला इचार की

अप्पा, परवा मी एका शाळेचं वारं कमी केलं. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आपल्या वरच्या खोलीत, कूलरपुढं बसून. शाळा लांबच्या थंड देशातली. तिकडं पंखे वर्गातली हवा बाहेर फेकतात, तेवढीच बाहेरची गार हवा आत येते आणि ती तापवायला गॅस जळतो. आता त्या शाळेत मुलं कमी झालीत, पण पंखे जुन्याच जोरात फिरतायत. हवा कमी केली तर किती गॅस वाचेल, एवढंच मला काढायचं होतं. आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. "लेकरं तितं गारठायलीत आन् तू हितं बसून त्यांचं वारं मोजायलीस? कोण देतंय गं असली कामं?"

गणित अवघड नाही. किती हवा कमी झाली, आतबाहेर किती अंशांचा फरक, पंखा किती तास चालतो, सगळ्याचा गुणाकार. तरी पहिल्या दिवशी माझं उत्तर उणे आलं! म्हणजे वारं कमी केलं तर गॅस जास्त जळणार. तासभर डोकं खाजवलं. मग दिसलं, मी बाहेरच्या तापमानातून आतलं वजा केलं होतं. सोलापुरात वाढलेल्या माणसाला बाहेर म्हणजे जास्त, हेच ठाऊक. तुम्ही असता तर दोन दिवस हसला असता.

पण खरी चूक त्यानंतरची. पुण्यातल्या आमच्या कंपनीच्या सरांनी शाळेला आधीच सांगून टाकलं होतं: पंख्याच्या वाटेतली झडप अर्धी झाकू, निम्मा गॅस वाचेल. माझ्या एकटीच्या नावानं जाणारा हा पहिला अहवाल. मीही निम्मं धरलं, आकडा छान मोठा आला, पाठवायला बोट खाली नेलं आणि तुम्ही आठवलात.

मी सातवीत आहे. मे महिना. तुमच्या टॉवेलच्या कारखान्यातली ती सुकवायची खोली, वाफेच्या नळ्यांनी तापलेली, ओल्या सुताचा आणि रंगाचा वास. वरच्या झरोक्यातून सगळी ऊब बाहेर जाते, तिकडं बॉयलरमध्ये लाकूड जळतं, हे मला बघवत नाही. मी स्टुलावर चढते, झरोक्याची झडप अर्धी ओढते आणि निम्मं लाकूड वाचवलं म्हणून खुशीत खाली उतरते. तुम्ही येता. वर बघता.

"कुणी झाकलं हे?"

"वाऱ्यानं."

"वारं सोताचीच वाट अडवतं व्हय गं?"

मग "किती वाचलं?" असं तुम्ही विचारता, आणि मी पटकन सांगते, निम्मं. तुम्ही ओरडत नाही. टॉवेलच्या काठाचा लाल दोरा तोडता, झरोक्याला बांधता. दोरा आडवा होऊन फडफडतो. "बघ. फट लहान झाली तर वारं जोरानं पळतंय. आन् झडपेला काय इचारतीस? वाऱ्याला इचार की." मग झडप पार मिटेपर्यंत ओढता, दोरा लोंबतो, आणि थोड्या वेळात भिंतींना घाम येतो. टॉवेल ओलेच. जाताना तो दोरा सोडून माझ्या मनगटाला बांधता. "ऱ्हाऊ दे. परत वाचवायला निघशील तवा आठवंल."

तर परवा मी सरांना फोन केला. म्हटलं, हवा मोजल्याशिवाय आकडा देत नाही. ते वैतागले. "अगं, निम्मं सांगून बसलोय आपण त्यांना!" मी म्हटलं, "सर, निम्मी झडप आहे. हवा नाही." मग म्हणाले, "मोज बाई."

शाळा सांभाळणारे म्हातारबाबा व्हिडिओवर आले. स्वेटर घातलेला, कानाला टोपी. झडप अर्धी केली आणि हवा मोजायचं यंत्र लावण्याआधी त्यांनी खिशातून कागदाची पट्टी काढून जाळीसमोर धरली. पट्टी फडफडली. माझ्याकडं बघून त्यांनी नुसती 'नाही' अशी मान हलवली. मला त्यांची भाषा धड कळत नाही अप्पा, पण ती मान कळली. यंत्रानं सांगितलं, हवा जेमतेम पाव भाग कमी झालीय. माझा छान मोठा आकडा निम्म्यावर आला. तोच पाठवला. खाली लिहिलं, झडप आणखी थोडी झाका, पण दरवेळी हवा मोजा, आणि मुलांना लागते तेवढ्यावर थांबा. शाळेनं तो आकडा मानला. सर म्हणाले, पुढची इमारत पण तूच घे.

आता खिडकीत लाल दोरा हलतोय. येणारंजाणारं विचारतं, मी सांगते, अप्पांनी बांधलेला. आईसुद्धा तसंच सांगते. खरं म्हणजे तुमचा दोरा आठवीतच कुठंतरी पडला आणि तुम्ही होतात तोवर मी मनगट झाकून हिंडले. हा मी परवा अहवाल पाठवल्यावर न्हाणीतल्या टॉवेलातून उसवलाय. टॉवेलाचा काठ त्या दिवसापासून सुटत चाललाय, आणि आईला वाटतंय, उंदीर कुरतडतोय.