चंदेरी अक्रोड

ब्युर्गेल, ५ डिसेंबर १९७४

चि. हेनिंगास आशीर्वाद.

मी बरा आहे, म्हणजे रागाने अजून फुटलो नाही इतकंच. काल आल्मुट रडतच घरी आली. तिला कारखान्यात यंत्रावरून काढून झाडलोटीला लावलंय, तेरा तारखेला चौकशी, नोकरी जाणार म्हणते. आणि तक्रारीवर सही कुणाची, तर सख्ख्या थोरल्या भावाची, तुझी! शेजारचा क्रेचमर विचारत होता, हेनिंगला आता बढती कधी म्हणून. खरं काय ते लगेच लिही.

आशीर्वाद कायम, बाकीचं तुझ्या उत्तरावर.

तुझा बाप, ओटोकार


येना, ७ डिसेंबर

ती. बाबांना नमस्कार वि. वि.

तुम्ही तिकडे भडकता, इथे मान माझी अडकलीय. दवाखान्यांच्या आरशांवर आधी प्लास्टिकचा पातळ थर, मग ॲल्युमिनियमची वाफ चढवतात. त्यासाठी बंद टाकीतली हवा पुरती उपसावी लागते. त्याच टाकीत तिने नाताळच्या झाडावर टांगायचे अक्रोड ठेवले, चंदेरी करायला. रिकाम्या टाकीत सगळेच करतात, मालाबरोबर कुणी नाही. अक्रोडांनी ओल सोडली, आरशांवर धातू धरलाच नाही. नख लावलं की पापुद्रा निघतो. अक्रोड कुणाचे, ते ती सांगत नाही. मुकादम मी, सही केली नसती तर दोघंही बाहेर.

तुमची सून इर्मट्राउट आणि नात लीने मजेत. थंडीला जपा, राग ओसरला की पूर्वीसारखी माया करा.

आपला हेनिंग


ब्युर्गेल, १० डिसेंबर

चि. हेनिंग,

अक्रोड कुणाचे ते तुला ठाऊक नाही? मी फार शिकलो नसेन, पण डोळे शाबूत आहेत. नाताळाआधीची पहिली मेणबत्ती लावली त्या रविवारी, माझ्याच टेबलावर, बदकाची तंगडी चोखत तू ती पिशवी तिच्यापुढे सरकवलीस. लीनेच्या झाडाला हवेत म्हणालास. ती नको म्हणाली, कामाच्या घाईत रिकामी टाकी मिळायची नाही. त्यावर तूच म्हणालास, मालाबरोबर ठेव, मी बघून घेतो. छान बघून घेतलंस!

चौकशीत हेनिंगचं नाव घे, असं मी तिला बजावलं. तर म्हणते, त्याच्या पदरात पोर आहे, मी एकटी. तिने तोंड शिवलंय, मी नाही.

शुक्रवारी सकाळच्या बसने येतोय. चौकशीच्या दाराबाहेर बसेन. तू आत जाऊन स्वतः बोललास, तर निमूट घरी परतेन. नाही बोललास, तर मी आत येईन.

परका असतास, तर न सांगताच आलो असतो.

ओटोकार