आईची तेविसावी कॅसेट

सातारा, १८ नोव्हेंबर १९९९

चि. जयराज,

गुन्ह्याची वेळ आधी लिहिते, म्हणजे मागाहून वाद नको. रविवार, १४ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. ठिकाण पलूस, तुझ्या घरची पुढची खोली. आईचा आवाज ऐकायला म्हणून मी आले आणि तिच्या कॅसेटमधून तुझ्या बायकोच्या भजनी मंडळाचे टाळ ऐकले.

आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून देते. तुला आणि तुझ्या लेकीला, साक्षीला. शालनला या खेपेस नाही. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तुझी पायरी उतरताना तो दुखतोय हे लक्षातही आलं नाही, इतकी मी संतापले होते.

दसऱ्याला तू माझ्याकडून पत्र्याचा डबा नेलास. आत तेवीस कॅसेट. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तू लष्करात असताना ती अ बाजूवर बोलायची आणि ब बाजूवर तू उत्तर भरून परत पाठवायचास. बटण दाबणं, पुडकं शिवणं, पोस्टात जाणं, सगळं माझ्याकडे. डबा उचलताना तू म्हणालास, "साक्षीच्या कंप्युटरवर घेतो आक्का, सीडी करतो. आईचा आवाज आता कायमचा ऱ्हाईल." कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ वाजवावी लागते, म्हणून महिनाभर कानाला हेडफोन लावून बसलास. इथवर तुझं कौतुकच होतं.

आणि शालन मला शांतपणे सांगते, "आवं आक्का, आतलं समदं कंप्युटरात गेलंय न्हवं? मग कॅसेट रिकामीच झाली की!" जणू कॅसेट म्हणजे ज्वारीचं पोतं, ओतलं की मोकळं. कुणी चुकून पुसू नये म्हणून प्रत्येक कॅसेटच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मी मोडून ठेवले होते. मंडळाच्या बायकांनी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि तेवीसच्या तेवीस कॅसेटवर भजनं भरली. याला अडाणीपण म्हणता येत नाही. ही कारागिरी झाली. माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांवर "काकड आरती, भाग दोन" असं लिहिलंय, तेही अशुद्ध.

तू काय केलंस? "शालन, आगं इचारायचं तरी," एवढं बोलून भिंतीकडे बघत बसलास. सत्तावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस!

असो. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. वरचं सगळं मी रविवारी तोंडावर बोललेच होते.

सीडीत चौऱ्याहत्तर मिनिटंच मावतात, म्हणून तू बावीस कॅसेटमधलं थोडं थोडं घेतलंस. तेविसावी कुठे, असं मी विचारलं. तू आवाज खाली आणलास.

"ती घातली न्हाई आक्का. चारचौघांत लावायची सीडी हाय."

"म्हणजे ऐकलीस?"

"व्हय. दोनी बाजू."

"कंप्युटरवर तरी असेल."

"न्हाई. पुसली."

त्यानंतर मी शालनकडे वळून चिकटपट्टीवरून ओरडले आणि चहा न घेता पाच दहाची एसटी धरली. तुझ्याशी बोलण्यापेक्षा तिच्यावर ओरडणं सोपं होतं.

ती कॅसेट तुला कधी मिळालीच नव्हती, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. अठ्ठ्याऐंशी साली आई माझ्याकडे साताऱ्यात होती आणि तू जबलपूरला. मी शाळेत शिकवायला गेले असताना तिने बटण स्वतः दाबलं. संध्याकाळी पाहिलं तर कॅसेट दोन्ही बाजूंनी भरलेली, तुझ्या उत्तराची जागासुद्धा. पोस्टात टाकण्याआधी मी ऐकायला बसले. "जयराजा, मला तुज्याकडं न्हे. हितं खायाप्यायाला लय हाय रं, पर हिच्यापुढं जेवाय बसलं तरी परीक्षेला बसल्यावानी वाटतंय." मी टेप बंद केला.

ती "हाय" म्हणाली की मी "आहे" म्हणायचे. दिवसातून वीसदा. मिशनच्या शाळेत नन्सनी मला असंच शिकवलं होतं आणि माझं भलं झालं होतं. वाईट काय करतेय, हे मला कळलं नाही.

कॅसेट डब्याच्या तळाशी ठेवली. आई रोज विचारायची, "जयराजाचं काय आलं का गं?" मी म्हणायचे, त्याला सवड नसेल. पाच महिन्यांत ती गेली. दहाव्याला सगळ्या भावकीसमोर मी तुला म्हणाले, "आईला चार दिवस न्यावं, एवढंही तुला सुचलं नाही." तू मान खाली घालून ऐकलंस. अजून लोक तेच बोलतात.

डबा देताना ती आत आहे हे मी विसरले होते, असं मी रविवारपर्यंत स्वतःला सांगत होते.

आणि आता तू माझी अब्रू राखतोस, त्यासाठी ती कॅसेट पुसतोस, वर मला चहा विचारतोस! हा मोठेपणा मला नको, जयराज. त्यापेक्षा भावकी बोलावून सांगितलं असतंस तर मी सरळ उभी राहून ऐकलं असतं.

ब बाजू मी कधीच ऐकली नाही. अकरा वर्षं डबा कपाटात होता आणि माझी हिंमत झाली नाही. ती ऐकलेला तू एकटाच आहेस. त्या अर्ध्या तासात आई काय बोलली, ते आठवेल तेवढं लिहून पाठव. तिच्याच बोलीत लिही, शुद्ध करू नकोस. मला शिव्या असतील तर शिव्या लिही. आणि माया नसेल, तर पदरची घालू नकोस. तिचं बोलणं कोणतं आणि तुझं कोणतं, ते मला ओळखू येतं.

फोन करू नकोस. मी मध्येच बोलेन आणि तू नेहमीसारखा गप्प होशील. लेखी उत्तर मंगळवार, तीस नोव्हेंबरच्या दुपारच्या टपालापर्यंत माझ्या हातात पाहिजे.

क्रांती

(खाली "आक्का" लिहायला पेन थांबलं. ते लिहायचं की नाही, तेही कळव.)